मास्तरांच्या डोक्याला दोन भोकं

मास्तरांनी एका सदऱ्याला दोन्ही बाजूंना काजं केली, तेव्हा त्यांची बायको पहिल्यांदा घाबरली. चाळीस वर्षं ती त्यांच्याच शिंपीकामाच्या दुकानात बाजूला बसून बटणं लावत आली होती. त्यांचा हात असा चुकलेला तिने पाहिला नव्हता. मग ते गिऱ्हाइकांची नावं विसरू लागले, भरदुपारी कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपू लागले. उजवा पाय फरफटू लागला. नणंद म्हणाली, वय झालं, आता हे असंच चालायचं. बायकोनेही मन घट्ट केलं आणि एका सकाळी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली. मास्तर उठून गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. तेच तिच्या जिवाला लागलं.

लेकीने मात्र कुणाचं ऐकलं नाही. तिने वडिलांना रिक्षात घातलं आणि थेट इस्पितळ गाठलं. डोक्याचा स्कॅन झाल्यावर सर्जनबाईंनी विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का? बायको नाही म्हणाली, आणि मग आठवलं. दीड महिन्यापूर्वी खाली पडलेली टेप उचलताना मास्तरांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं होतं. साधं टेंगूळही आलं नव्हतं. दोघं हसली होती.

तेवढं पुरलं होतं. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, त्यामुळे कवटीच्या आत थेंब थेंब रक्त साचत गेलं आणि मेंदू दाबला गेला. ते काढायचे तीन मार्ग बाईंनी कागदावर काढून दाखवले. एक बारीकसं छिद्र पाडून खाटेवरच नळी घालायची. किंवा दोन मोठी भोकं पाडून आतलं सगळं धुऊन काढायचं आणि नळी दोन दिवस ठेवायची. किंवा कवटीचा तुकडाच उचलायचा. तिसरा मार्ग रक्ताच्या घट्ट गाठी असतील तर, किंवा पुन्हापुन्हा भरलं तर. मास्तरांसाठी त्यांनी मधला निवडला.

"आणि हे वयाचं...?" बायकोने चाचरत विचारलं.

"वयाचं मला काही दिसत नाही. दाब गेला की बहुतेक माणसं पहिल्यासारखी होतात."

बायकोने तो कागद हातात घेऊन पुन्हा एकदा पाहिला.

गोळी बंद करून काही दिवस थांबावं लागलं. ऑपरेशन मात्र तासाभरात उरकलं. आतून जुन्या मशीनच्या तेलासारखं काळपट रक्त निघालं, असं बाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बायकोला नावाने हाक मारली. नर्स पट्टी बदलत होती, तिला विचारलं, किती टाके आहेत? टाके नाहीत, पिना मारल्यात, हे कळल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. बायको हसता हसता रडू लागली.

"मी तुमच्या हातातून कात्री घेतली हो."

"बरं केलंस. मला कापडावर एका रेघेच्या दोन दिसत होत्या. सांगायची लाज वाटत होती."

नळी निघाल्यावर ते लेकीचा हात धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या चालले, पाय न फरफटवता. दहातल्या एखाद्याला पुन्हा रक्त भरतं, म्हणून महिन्याने परत स्कॅन करायचा होता. बायकोने तारीख लिहून घेतली. मग आठ दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली, आणि खुर्चीतच बसल्या बसल्या घोरू लागली.