अंदमान पाहिलेलं कार्ड

मी शिंगणापूरच्या छबूबाईंचं डेबिट कार्ड बोलतंय. माझ्या अंगावरची चिप अस्सल सोन्याची आहे, असं मी शेजारच्या आधारकार्डाला कधीच पटवलंय. त्यानं मानलं, तुम्हीही माना.

आमच्या घराला दार नाही, कपाटाला कडी नाही. मग मला कसलं कुलूप? छबूबाईंनी पिन स्वतः निवडला आणि त्याच दिवशी मार्करनं माझ्या पाठीवर ठळक लिहून टाकला. मला ठेवलं फडताळात, तेलाच्या कॅनला टेकून. शनीच्या पूजेची चौकोनी तबकं विकणं हा त्यांचा धंदा. चार कोपऱ्यांना बुक्क्याचे चार ठिपके दिल्याशिवाय तबक गिऱ्हाइकाच्या हाती जायचं नाही.

अंदमानला जायचं ठरलं, तेव्हा नागापूरच्या कारखान्यात कामाला असलेल्या त्यांच्या सुनीलनं घरातली सगळी कार्डं चटईवर मांडली.

"आई, माझी दोन बास झाली. तुजं हे जुनाट राहू दे."

"इमानात तुज्या पैशानं बसते. पन त्या काचेच्या तळाच्या होडीत माज्याच कमाईनं बसनार. न्हाईतर समिंदर हितूनच बगते!"

मी मनात शिट्टी मारली. पण सून ज्ञानेश्वरी भलती दक्ष. "आत्या, ते काय आपलं गाव हाय व्हय?" म्हणत तिनं नेलपॉलिशच्या रिमूव्हरनं माझी पाठ घासून काढली.

बेटावरच्या शेवटच्या दिवशी सुनीलनं आपली कार्डं आणि सगळी रोकड हॉटेलच्या तिजोरीत कोंबली. जन्मात पहिल्यांदाच काही कुलूपबंद केलेलं. तासाभरात नंबर विसरला. ती उघडणारा माणूस संध्याकाळी येणार, शेवटची होडी तीनला सुटणार, सुनीलच्या मोबाईलमधल्या सिमला तिथं रेंज नाही. उरलं कोण? छबूबाईंच्या बटव्यातलं मी.

होडीवाल्यानं मशीन पुढं केलं. छबूबाईंनी मला उलटं करून पाहिलं.

"ज्ञानेश्वरे, आकडे कुटं गेले गं?"

"मी पुसले. पन तुमच्या ध्यानात असतील की!"

"लिवलेलं असताना ध्यानात कशाला ठिवू?"

सुनीलचं जन्मसाल टाकलं. चूक. लग्नाचं साल टाकलं. तेही चूक. होडीवाला म्हणाला, "माताजी, एक बार और गलत, तो कार्ड बंद."

"चल आई, फिरू माघारी."

"गप रं! माघारी फिरायला इतक्या लांब आले व्हय?"

मी आतून बोंबलत होतं, पण प्लास्टिकचं ऐकतो कोण? छबूबाईंनी डोळे मिटले, पदराला बोट पुसलं आणि रोज तबकाला देतात तसे त्या आकड्यांच्या चौकटीला चार कोपऱ्यांत चार ठिपके दिले.

टर्रर्र! पावती आली.

काचेखालून एका निळ्या माशानं मला सलाम ठोकला. हे खोटं वाटत असेल तर छबूबाईंना विचारा. त्या म्हणतात, दोन मासे होते.

आता मी पुन्हा फडताळात आहे. माझी मुदत संपत आलीय. नवं कार्ड आलं, तेव्हा सुनीलनं हसत मार्कर पुढं केला. छबूबाईंनी तो बाजूला सारला. "नगं. माज्या बोटात हाय."

कात्री शेजारीच पडलीय. माझी हरकत नाही. फक्त ती तुम्हीच चालवा, छबूबाई. ज्या बोटांनी मला समुद्र दाखवला, त्याच बोटांनी.