लाल पिंपाच्या वळणावर

ती लायब्ररीत कामाला होती आणि तिचा नवरा लेथच्या कारखान्यात. एकीने दिवसभर कुजबुजायचं, दुसऱ्याने दिवसभर ओरडायचं, मग यांचा संसार होतो तरी कसा, असं म्हणून तिचा धाकटा भाऊ चिडवायचा. हा भाऊ डोंगरावर, खिंडीतल्या निवाऱ्याची राखण करायचा. त्याच्याकडे दोन दिवस राहून ती दोघं उतरायला निघाली तेव्हा आभाळ पार खाली आलं होतं आणि वारा बर्फाचा भुगा उधळत होता.

"दाजी, आज थांबला असता तर बरं," भाऊ दारात म्हणाला.

"उद्या पहिली पाळी आहे. माझी मशीन दुसऱ्याच्या हाती गेली की बिघडलीच म्हणून समज."

भावाने दोघांच्या गळ्यात एकेक शिट्टी अडकवली. "मग नीट ऐका. चुकामूक झाली तर मागच्याने जागचं हलायचं नाही, शिट्टी वाजवत राहायची. पुढच्याने त्या आवाजाच्या रोखाने परत यायचं. आणि लाल पिंप दिसलं की उजवीकडे वळायचं. सरळ गेलात तर कडा आहे."

नवऱ्याने मान डोलावली आणि शिट्टी जोरात फुंकून बघितली. भावाने कानांवर हात ठेवले. "पुरे! कान फोडता का?" नवरा नुसता हसला.

ती मात्र हसली नाही. सकाळी किटलीवरून दोघांचं वाजलं होतं. शेगडीवरची किटली शिट्टी मारमारून उतू गेली आणि हा शेजारी बसून बुटाला तेल चोळत होता. "ऐकू येत नाही का समोर बसून?" ती म्हणाली, तर म्हणे, "वाटलं तू उठशील." हे असं वर्षभर चाललं होतं. भावाने काही विचारलं की लगेच उत्तर. कारखान्यातल्या मित्राशी फोनवर तासन्‌तास गप्पा. हिने हाक मारली की हा दगड. आजपासून कुठल्याच गोष्टीसाठी एकापेक्षा जास्त हाक मारायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून बुटाखालच्या काट्यांचा पट्टा सुटला तेव्हा ती एकदाच म्हणाली, "अहो, थांबा."

तो थांबला नाही. नाही तर नाही. ती गुडघ्यावर बसली. बोटं बधिर झालेली, पट्टा काही केल्या बसेना. बसला एकदाचा आणि तिने मान वर केली, तर पुढे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. चार पावलं चालल्यावर बर्फात अर्धंअधिक बुडालेलं काहीतरी तिच्या काठीला लागलं. तिने हाताने बर्फ झाडलं. खालून लाल रंग निघाला.

नवऱ्याची पावलं पिंपाजवळून सरळ गेली होती.

"अहो!" एकदाच हाक मारायचा निश्चय वाऱ्यावर गेला. ती ओरडत सुटली, घसा खरवडून निघाला. मग शिट्टी आठवली. तिने छाती भरून फुंकली, थांबून ऐकलं, पुन्हा फुंकली. वाऱ्याला छेदून जाणारा आवाज होता तो, बहिऱ्यालाही कळेल असा. पण पलीकडून हू की चू नाही.

रुसून बसला असेल का? या असल्या ठिकाणी? की पडला? ती पावलांमागे निघाली, पण थोडं जाऊन मागे पाहिलं तर पिंपच दिसेना. धावतपळत ती परतली आणि पिंपाला हात लावून धापा टाकत उभी राहिली. मागच्याने हलायचं नाही. हलली तर दोघंही गेली. न हलावं तर तो तिकडे कड्याकडे चाललाय. समोरच्या पावलांचे खड्डे बघताबघता भरत होते.

ती फुंकत राहिली. ओठ शिट्टीला चिकटायला लागले. निवाऱ्याच्या दारात हीच शिट्टी याने वाजवली होती, तेव्हा भावाने कान झाकले. आणि हा हसत होता. शिट्टी तर याच्याच तोंडात होती. साधी पापणीही लवली नव्हती.

किटली. दाराची बेल. तिची बारीक हाक. आणि भावाचा घोगरा आवाज मात्र स्वच्छ ऐकू यायचा.

"अरे देवा," ती म्हणाली. "यांना बारीक आवाज ऐकूच येत नाही."

तिने शिट्टी सोडली आणि पाठपिशवीतला भरलेला थर्मास काढून पिंपावर हाणला. पिंप रिकामं होतं. धम्म असा जाड, पोकळ आवाज तिच्या पायांतून गेला. कारखान्यातली खूण त्याने जेवताना टेबलावर मूठ आपटून कितीदा दाखवली होती: दोन ठोके, थांबून एक. आत माणूस आहे, मशीन चालू करू नका. त्या गोंगाटात कुणी कुणाला हाक मारत नसे, पत्र्यावर ठोकत असे.

दोन ठोके. एक. दोन. एक. थर्मासला पोचे पडले, चहा बाहीवर सांडून गोठला. समोरची पावलं पुसली गेली. आता त्याला काही झालं असेल तर कुठे शोधायचं हेही कळलं नसतं. ती मारत राहिली.

मग धुक्यात एक काळपट डाग हलला. भलत्याच बाजूने, उजवीकडून. तो रांगत, काठी खुपसत येत होता. जवळ आल्यावर तिने त्याची बाही धरली आणि सोडलीच नाही.

"मशीनमध्ये कोण अडकलं म्हणून आलो," तो म्हणाला. ओठ निळे पडले होते. "पुढे काठी खुपसली तर खाली काहीच नव्हतं. मागे तू दिसेनास, वाटलं, पुढे गेलीस."

"मी शिट्टी वाजवत होते."

"काय?"

तिने भावासारखा आवाज जाड केला. "शिट्टी! किटली! हाका! किती दिवस झाले?"

तो तिच्याऐवजी पिंपाकडे बघत राहिला. "कळलं तर मशीनवरून उचलून गोदामात बसवतील."

"आणि मला सांगितलं असतं तर मी कुठे बसवणार होते?"

अंधारायच्या आत खाली पोचायचं होतं आणि वारा वाढतच होता. तिने त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली, पोचे पडलेला थर्मास त्याच्या हातात दिला.

"मी पुढे. तुम्ही मागून काठीने यावर ठोकत यायचं. थांबायचं नाही."

ते उजवीकडे वळले. दोन ठोके, एक. दोन, एक. उतारावर एकदा ठोके थांबले. ती गर्रकन वळली. तो हातमोजा सारखा करत होता.

"ठोका!" ती घोगऱ्या आवाजात ओरडली.

"ठोकतोय गं बाई," तो म्हणाला, आणि ठोकू लागला.