थोरलीचे ठोसे

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. मार खाणं हाच माझा धंदा. कुणी मला गुद्दे हाणले, कुणी लाथा घातल्या, कुणी चिडून डोकंसुद्धा आपटलं. मी कधी हूं की चूं केलं नाही. तरीही एका मुलीच्या हातचा मार मला सोसवला नाही. तिची हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

चामड्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला बनवलं. त्याने जाड कातडं दाभणाने टोचून टोचून दुहेरी शिवण घातली, म्हणजे माझ्या आयुष्याची सुरुवातच भोसकण्यापासून झाली. मग पोटात चिंध्या ठासल्या, तळाशी वाळूची पिशवी ठेवली, आणि गळ्यात साखळी अडकवून बॉक्सिंगच्या एका व्यायामशाळेत मला टांगलं.

व्यायामशाळा चालवणारे गृहस्थ म्हणजे त्या मुलीचे मामा. मीही त्यांना मामाच म्हणते. मोडून चपटं झालेलं नाक, फणसाएवढे खांदे आणि आवाज असा की नवीन पोरं दारातूनच परत फिरायची. त्यांच्या हाताखाली मी पोत्याने मार खाल्ला. माझ्या अंगावर घामाचे आणि रक्ताचे डाग वाळले. एकदा लोखंडाच्या कारखान्यातल्या एका तरुणाने असा जबर ठोसा लगावला की छताचा हूक उपटून मी त्याच्याच पायावर कोसळले. त्याचा अंगठा चेचला गेला. मामा खो खो हसले. "बघ, ही उलट हात टाकते! हिच्याशी जरा अदबीने वाग." मित्रांनो, मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी हीच.

पुढे ती इमारत पाडली. मामांनी मला आपल्या शेडमध्ये मोडक्या स्कूटरखाली सारलं. उंदरांनी माझ्या पोटात बाळंतपणं केली. मला वाटलं, संपलं आपलं.

पण एक दिवस मामांनी मला झटकलं, भोकं शिवली आणि आपल्या बहिणीच्या घरी नेलं. बहीण इस्पितळात नर्स होती. नवरा मालवाहू जहाजावर, कधीमधी घरी येणारा. दोन मुलं. धाकटा मुलगा, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. तिला सगळे थोरली म्हणत.

गच्चीवरच्या खोलीत मामा मला टांगत होते, तेव्हा बहीण म्हणाली, "अरे दादा, पोरगी धड जेवत नाही, झोपत नाही. सराव परीक्षेला पेपर हातात आला आणि हात बधिर झाले म्हणे. कोरी उत्तरपत्रिका देऊन आली. आणि तू हे काय धूड आणलंस?"

"आत साचलंय ते बाहेर पडायला नको का? हाणू दे हिला. मोकळी होईल."

"बघ बाबा. मला तर काही सुचेनासं झालंय."

मामांनी थोरलीला हातमोजे दिले, पाय कसे रोवायचे, मनगट कसं ताठ ठेवायचं ते दाखवलं. पहिले ठोसे अगदीच मिळमिळीत होते. हळूहळू मात्र तिच्या हातात जोर आला. घाम गाळून ती खाली जायची आणि दोन घास जास्त खायची. आई खूश, मामा खूश, मीही खूश.

परीक्षा जवळ आली तसं सगळं बिनसलं. थोरली पुस्तक उघडायची, एकाच ओळीवर डोळे फिरवत राहायची, मग छातीवर हात दाबून उठायची. श्वास वरच्या वर अडकायचा. ओठ पांढरे पडायचे. मग ती माझ्यावर तुटून पडायची. हातमोजे तिने केव्हाच भिरकावून दिले होते. सालपटं निघाली, बोटांची पेरं सुजली, तरी थांबायची नाही. आणि प्रत्येक ठोशाबरोबर दात ओठ खाऊन म्हणायची,

"मठ्ठ! मठ्ठ! काहीही येत नाही तुला! सगळ्यांचं वाटोळं करणार तू!"

आधी मला वाटलं, ती मलाच बोलतेय. पण मी कुठे पेपरला बसणार होते? मग उमगलं. पडत होते माझ्या अंगावर, पण ठोसे होते तिचे तिलाच. मित्रांनो, तो मार मला सोसवेना.

एका दुपारी तर तिने मला लाथांनी बडवलं. माझी शिवण उसवली. चिंध्या बाहेर लोंबू लागल्या. त्या ती मुठीने उपसत होती, आतडी ओढावी तशा. तेवढ्यात धाकटा जिना चढून आला. रात्रपाळी करून आलेली आई खाली झोपली होती.

"ताई, आई झोपलीये. जरा हळू ना," असं म्हणत त्याने मागून तिच्या खांद्याला हात लावला.

ती गर्रकन वळली आणि तिची मूठ त्याच्या तोंडावर बसली.

माझ्यावर ठोसा पडला की धप्प वाजतं. त्या दिवशी कच्च वाजलं. धाकटा भिंतीला आपटून खाली बसला. त्याच्या बोटांमधून रक्त ओघळलं आणि पुढचा दात फरशीवर पडला. थोरलीने दाताकडे पाहिलं, मग आपल्या मुठीकडे. मला वाटलं, आता ती त्याला जवळ घेईल. पण तिने तीच मूठ भिंतीवर आपटली. एकदा, पुन्हा, पुन्हा. पोपडे उडाले. भिंत लाल झाली. हाताचं हाड मोडल्याचं मी ऐकलं, आणि त्यानंतरही ती मारतच होती.

आई केस सुटलेल्या अवस्थेत धावत आली. तिने थोरलीला मागून करकचून धरलं.

"सोड! मला मार आई! मी त्याचा दात पाडला. मार मला!"

"नाही मारणार."

"मार ना गं!"

"नाही म्हणजे नाही!" आई ओरडली. तिने पदराचा बोळा करून धाकट्याच्या तोंडाला लावला, पण थोरलीला धरलेला दुसरा हात काही सोडला नाही. धाकटा बोळ्याआडून म्हणाला, "मला नाही दुखत, ताई." धडधडीत खोटं.

थोरलीच्या उजव्या हाताला प्लास्टर बसलं. लिहिण्याचाच हात. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी तिला सांगितलं, की ही घबराट आहे, तिचा झटका येतो. त्या वेळी आपण मरतोय असं वाटतं, पण मरत नाही. झटका चढतो तसा उतरतो.

मामा मला उतरवायला आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "हिला भंगारात देतो," ते म्हणाले. "माझीच अक्कल गहाण पडली होती."

"राहू दे मामा," थोरली म्हणाली. "मला एक सांग. रिंगणात समोरचा मारतच सुटला आणि आपल्यात दमच उरला नाही, तर तू काय करायचास?"

"मिठी मारायचो. त्याचे हात काखेत दाबायचे, डोकं त्याच्या खांद्यावर टेकायचं आणि श्वास घ्यायचा. पंच येऊन सोडवेपर्यंत. त्यात लाज नाही पोरी, पुढची फेरी त्याच दमावर लढायची असते."

"मग हे आधी का नाही शिकवलंस?"

मामा चपटं नाक चोळत माझी उसवलेली शिवण घालायला लागले.

थोरलीने प्लास्टरच्या हाताने मला कवटाळलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत असं मला कुणी धरलं नव्हतं. त्यानंतर झटका आला की ती वर यायची, गाल माझ्या कातड्याला लावायची आणि सावकाश श्वास सोडायची. तिचं काळीज आतून असे तडाखे देत असायचं की मी हलायचे. एवढा मार ती इतके महिने एकटी खात होती!

परीक्षेला तिच्यासाठी लेखनिक मुलगी होती. थोरलीने उत्तरं सांगायची, तिने लिहायची. गणिताच्या पेपरात मध्येच डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. थोरलीने स्वतःलाच मिठी मारली आणि म्हणाली, "थोडं थांब. मला झटका आलाय. जाईल तो." लेखनिकच एवढी घाबरली की पेन खाली पडलं! एक प्रश्न राहून गेला. पण बाकीचा पेपर झाला. ती पास झाली. नंबरबिंबर काही आला नाही.

एक गोष्ट मात्र पास-नापासाने सुटणारी नव्हती. थोरलीने फडताळातला डबा काढायला हात वर केला, तरी धाकटा मान आत ओढून घ्यायचा. त्याच्या नकळत व्हायचं ते. तिला दर वेळी दिसायचं.

प्लास्टर निघाल्यावर ती त्याला घेऊन वर आली. त्याच्या हातांत तिने हातमोजे चढवले, माझ्या मागे उभी राहिली आणि मला दोन्ही हातांनी धरलं.

"मार."

"तुला लागेल."

"लागू दे. मनगट सरळ ठेव. आणि शिव्या द्यायच्या नाहीत. मला नाही, स्वतःलाही नाही."

त्याने एक भित्रा ठोसा मारला. मग दुसरा. मग त्याला राहवलं नाही. रडत, शेंबूड पुसत, वेड्यासारखा तो मारत सुटला. एकेक तडाखा माझ्यातून आरपार तिच्या छातीत जात होता. ती मागे सरकली नाही. "मी धरलंय," एवढंच म्हणत राहिली. शेवटी तो दमून माझ्यावर कोसळला, आणि मी दोघांच्या मधे सापडले.

मित्रांनो, मला खुशाल मारा, माझं कातडं त्यासाठीच आहे. हातमोजे मात्र घाला. पण ठोसे मारता मारता तोंडातून स्वतःलाच शिव्या येऊ लागल्या, तर तिथेच थांबा आणि जिन्यावरून खाली मोठ्याने हाक मारा. घरात कुणीतरी झोपलेलं असेल. त्याची झोपमोड झाली तरी चालेल.