न पुसलेली खूण

"काका, तुमच्या कॉम्प्युटरचं मी काय घोडं मारलंय?" सिस्टरने विचारलं. सलग नवव्या आठवड्यात तिला रविवारी ड्यूटी लागली होती. तिची आई वृद्धाश्रमात असते आणि तिथे फक्त रविवारी भेटू देतात.

"सगळ्या वाटा तपासूनच तो तक्ता काढतो," मी म्हणालो. हेच मी तिला आधीही दोनदा सांगितलं होतं.

इस्पितळातल्या ड्यूट्यांचा हा प्रोग्राम माझाच. पूर्वी तो तर्कावर चालणाऱ्या एका जुन्या भाषेत होता. तिथे आपण फक्त अटी सांगायच्या. वाट अडली की यंत्र आपणहून मागच्या वळणावर येतं आणि पुढे केलेलं सगळं पुसून टाकतं. नव्या मशीनवर ती भाषा चालेना, म्हणून मी तो पायरीपायरीने हुकूम द्यायच्या भाषेत उतरवला. तिथे मागे फिरणं आपणच लिहायचं, आणि पुसणंही. मला आयतं पुसून मिळायची सवय.

त्या दुपारी पुन्हा एकेक ओळ वाचली. चौथ्या तासाला सापडलं. यादीत सिस्टरचं नाव पहिलं, म्हणून प्रोग्राम दर आठवड्याला आधी तिलाच रविवारची सुट्टी देऊन बघायचा आणि 'सुट्टी मिळाली' अशी खूण करायचा. पुढे तक्ता अडला की मागे येऊन सुट्टी काढून घ्यायचा. खूण मात्र तशीच. मग हिला तर मिळालीच आहे, असं समजून पुढच्या प्रत्येक प्रयत्नात तिला वगळायचा.

खूण पुसणारी एक ओळ घातली आणि नव्या तक्त्यात तिचा रविवार मोकळा निघाला.

नुसता नवा तक्ता लावला असता तर कुणाला काही कळलं नसतं. तसं मनात आलंही.

"चूक माझी होती," मी तिला सांगितलं. "नऊपैकी पाच रविवार तरी मिळायला हवे होते."

ती खुर्चीत टेकली, बूट सैल केले. मग म्हणाली, "हे लिहून द्या."

"मेट्रनना?"

"छे हो. भावाला. तो म्हणतो, आईची कटकट नको म्हणून मी ड्यूटीची सबब सांगते. महिनाभर बोललेला नाही."

"त्यांना प्रोग्रामिंगचं कळतं?"

"ओ की ठो नाही. सोपं लिहा."

मी दोन कागद फाडले. पहिल्यात अटी आणि वळणं आली, दुसऱ्यात माझंच रडगाणं. तिसऱ्यावर लिहिलं: तुमच्या बहिणीने दर आठवड्याला रविवारची सुट्टी मागितली होती. माझ्या चुकीमुळे ती मिळाली नाही.

तिने दोनदा वाचलं.

"'दर आठवड्याला'च्या खाली रेघ मारा," ती म्हणाली.