न विरघळलेली मूर्ती

प्लास्टरची मूर्ती बंद करून शाडूची बसवायची, हे सोसायटीत इंद्रजितनेच भांडून मान्य करून घेतलं होतं. मूर्तीही त्यानेच घडवली. पण सुकताना सोंडेला तडा गेला. तो बुजवला तर पुन्हा गेला. इंद्रजित धास्तावला. कुणाला न सांगता त्याने ती पोकळ मूर्ती करावे गावात, त्याची मैत्रीण नमिता हिच्या मातीकामाच्या स्टुडिओत नेली, पक्की व्हावी म्हणून भट्टीत भाजून घेतली, तडा बुजवला आणि वरून रंग दिला. शेवटी मातीच ना, असं त्याला वाटलं.

पाचव्या दिवशी ऐरोलीच्या त्यांच्या सोसायटीतच पाण्याच्या मोठ्या पिंपात विसर्जन झालं.

"तासाभरात चिखल होईल. तोच कुंड्यांत घालू," इंद्रजितने सगळ्यांना सांगितलं. मुलं खुरपी घेऊन बसली. तास उलटला, अंधार पडायला आला. रंग तेवढा सुटला. मूर्ती जशीच्या तशी.

त्याने बाजूला जाऊन नमिताला फोन लावला.

"विसर्जनाची होती? तू तर म्हणालास, घरात ठेवायचीय!" ती म्हणाली. "अरे, नुसती सुकलेली माती पाण्यात परत चिखल होते. भट्टीत लालबुंद तापली की कणांच्या आत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, कण एकमेकांना चिकटतात. तिची घडणच बदलते. कौल कधी पावसात विरघळलंय का?"

तो परत आला तेव्हा कुणीतरी विचारत होतं, "आता काय, फोडायची?" त्याची बायको उज्ज्वला त्याच्याकडेच बघत होती. त्याने मान खाली घातली.

आप्पा उठले. सोसायटीतले सर्वांत वयस्कर. प्लास्टरच्या वादात इंद्रजितने त्यांना भर मीटिंगमध्ये अडाणी म्हटलं होतं. त्यांनी बाह्या सारल्या आणि पिंपात हात घातले.

"धर खालनं. महापालिकेच्या तलावावर नेऊया."

"आप्पा, मी भट्टीत भाजली होती. कुणाला बोललो नाही."

"कळलं ते. धर."

तलावावरच्या कार्यकर्त्याने विचारलं, "शाडू की प्लास्टर?"

इंद्रजितने आप्पांकडे पाहिलं. आप्पा थांबून राहिले, त्याच्या वतीने बोलले नाहीत.

"शाडू. पण भाजलेली आहे," तो कसाबसा म्हणाला. "विरघळणार नाही."

"मग तिकडं, प्लास्टरच्या रांगेत ठेवा."

त्याने ठेवली, नमस्कार केला. परतताना आप्पांची माफी मागायची म्हणून त्याने दोनदा हाक मारली. आप्पा दोन्ही वेळा वळले. दोन्ही वेळा त्याने, "सावकाश, रस्ता ओला आहे," एवढंच म्हटलं.