दाराची कड

“दार तुम्हीच दुरुस्त केलंत, हे खरं?” नरसिंगच्या वकिलांनी विचारलं.

“हाव साहेब.”

“टक्कर झाली तेव्हा दार किती उघडं होतं?”

खाजाने पुढच्या बाकावर बसलेल्या गुरुपादप्पांकडे बघायचं टाळलं.

“टक्कर म्या न्हाई पाह्यली,” तो म्हणाला. “दार पाह्यलंय.”

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली आणि या काळ्यासावळ्या, बोटांना कायमचा रंग लागलेल्या मिस्त्रीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. पूर्वी असल्या कामाला उस्मानाबादचे हेलपाटे घालावे लागत. आता कोर्ट दारात आलं होतं, त्यामुळे न्यायही दारात आला अशी काही भोळ्या लोकांची समजूत होती. खटला तसा दोन ओळींचा. आडत व्यापारी गुरुपादप्पा आपली काळी अॅम्बॅसिडर गंजगोलाईजवळ रस्त्याच्या कडेला उभी करून मागच्या उजव्या दाराने उतरत होते. मागून नरसिंग सायकलवर येत होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे लटकवून तो हॉटेलांना पाणी पोचवायचा. सायकल दाराला धडकली, डब्यांसकट नरसिंग रस्त्यावर आला आणि त्याची मांडी मोडली.

नरसिंग म्हणत होता, दार अचानक तोंडावर उघडलं. गुरुपादप्पा म्हणत होते, दार पाच मिनिटं सताड उघडंच होतं, हाच मान खाली घालून आला. उघड्या दारावर येऊन आदळला असेल तर चूक सायकलवाल्याची. मागे न बघता दार उघडलं असेल तर चूक उघडणाऱ्याची. जाड जाड पुस्तकं काढून वकील सहा महिने भांडत होते ते एवढ्यावरच. साक्षीदार होते, पण ज्याने ज्याचा चहा प्यायला त्याला तसं दिसलं होतं. आणि गाडी तपासणाऱ्या निरीक्षकाने तिसऱ्या दिवशी लिहून ठेवलं होतं, दारास कोणतीही इजा आढळली नाही.

आढळणार कशी? मधले दोन दिवस ते दार खाजाकडे होतं.

अपघाताच्याच संध्याकाळी गुरुपादप्पांनी गाडी त्याच्या गाळ्यासमोर आणून लावली होती. “खाजा, असं कर की काही झालंच न्हाई,” ते म्हणाले होते. दुसऱ्या कुणाला या बोलण्यात काळंबेरं दिसलं असतं. खाजाला ते आपल्या हाताचं कौतुक वाटलं. काय झालं, कसं झालं, हे त्याने विचारलंही नाही. दाराची मागची कड चेपून मुडपली होती. त्याने आतून लाकडी ठोकळा लावून हळूहळू पत्रा उठवला, खड्ड्यात तापवलेलं शिसं भरलं, कानशीने घासलं, वर तांबड्या अस्तराचा हात दिला आणि मग काळा रंग. शेवटी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं तेव्हा जागा त्याची त्यालाच सापडेना. घरी जाऊन त्याने सुलतानबीला सांगितलं की असं काम आयुष्यात एकदाच होतं. त्या वेळी नरसिंग सरकारी दवाखान्यात पाय टांगून पडला होता.

हे त्याला कळलं ते दोन महिन्यांनी, नरसिंगची बायको लक्ष्मीबाई गाळ्यावर आली तेव्हा. आता हॉटेलांना पाणी तीच डोक्यावरून पोचवत होती. रिकामा डबा तिने खाली ठेवला.

“ते काळ्या गाडीचं दार तुमीच नीट केलं म्हणं.”

“हाव.”

“इतकं नीट कशाला केलंत, भाऊ?”

एवढंच बोलून तिने डबा उचलला आणि गेली. ना शिव्या, ना रडणं. त्या दिवशी खाजाचा हातोडा तीनदा चुकीच्या जागी पडला.

गाळा गुरुपादप्पांचा होता. अठरा वर्षं खाजा तिथे बसत होता. त्याचा पत्ता कुणी विचारला तर लोक ‘आप्पांच्या जागेतला खाजा’ असंच सांगत. कोर्टाचं समन्स आलं तेव्हा सुलतानबीने भाकरी वाढता वाढता विचारलं, “जगा गई तो कां बैठते जी?” कुठे बसायचं, हेच तोही समन्स आल्यापासून मनात घोळवत होता. ती रागावली असं त्याला वाटलं. पण सकाळी बघतो तर त्याचा सदरा धुऊन दोरीवर. टँकरचं पाणी दोन दिवसांआड मिळायचं आणि त्यातली अर्धी बादली तिने सदऱ्यावर घातली होती.

तोच सदरा घालून तो आता पिंजऱ्यात उभा होता.

“दार सताड उघडं असतं साहेब, तर मार आतल्या पत्र्याला बसला असता. दार पुढं रेटलं असतं अन् बिजागऱ्या वाकल्या असत्या. बिजागऱ्यांना म्या हातच लावला न्हाई, त्या धड होत्या. मार कडंवर होता. दार वीतभर उघडलं असंल, तवाचा.”

गुरुपादप्पांचे वकील ताडकन उठले. “अहवाल म्हणतो दाराला काही झालंच नाही. मिस्त्री म्हणतात झालं होतं. मग दुरुस्ती कुठे केली ते दाखवावं त्यांनी.”

“दाखव म्हणावं की,” गुरुपादप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. “गाडी भाईरच हाय.”

खाजाच्या हातावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. खाजालाही भीती त्या हाताचीच होती.

सगळे आवारात उतरले. ऊन असं की गाडीला हात लावला तर चटका बसावा. नरसिंग कुबड्या घेऊन लिंबाच्या सावलीत थांबला, लक्ष्मीबाई त्याच्या मागे. खाजाने डोळे मिटले आणि दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. वरून खाली. काही लागलं नाही. परत खालून वर. काही नाही. मानेवरून घाम ओघळून सदऱ्यात शिरला. मागे कुणीतरी म्हणालं, “काढा की लवकर.” आपण खोटे ठरणार, आणि ते आपल्याच कामाने.

मग त्याने बोटाचा नाद सोडला आणि कान दाराजवळ नेला. खिशातला रुपया काढून कडेवर वाजवत खाली आला. टण. टण. टण. आणि एका जागी, दाराच्या मुठीच्या जरा खाली, ठप्प.

पत्रा वाजतो. शिसं वाजत नाही.

“इथं,” तो म्हणाला. “साहेब, कानस लावू का?”

न्यायाधीशांनी गुरुपादप्पांकडे पाहिलं. हरकत घ्यायला वकिलांनी तोंड उघडलं, पण दाखव म्हणणारे त्यांचेच अशील होते. गुरुपादप्पा पुढे आले आणि फक्त खाजाला ऐकू जाईल असं बोलले.

“अठरा वर्सं झाली, खाजा.”

“हाव आप्पा. अठरा वर्सांत तुमच्या गाडीचं काम कधी नासवलं न्हाई म्या.”

त्याने कानस लावली. काळा रंग भुरभुरला, खालचा तांबडा दिसला आणि त्याच्याखाली बोटभर पांढुरकं शिसं उन्हात चमकलं. खाजाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं तो घाबरला. पण त्याला वाईट वाटत होतं ते वेगळंच. जन्मात एकदाच जमलेलं काम तो भर उन्हात, चार लोकांसमोर, आपल्याच हाताने खरवडत होता.

न्यायाधीश वाकले, बोटाने शिसं चाचपून पाहिलं. मग दार पूर्ण उघडून बिजागऱ्या पाहिल्या. स्क्रूच्या खाचांत कारखान्यातला रंग तसाच भरलेला होता. “लिहून घ्या,” ते कारकुनाला म्हणाले.

निकाल नरसिंगच्या बाजूने लागला. पाय मात्र जन्माचा आखूड राहिला. आणि साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी गुरुपादप्पांचा माणूस गाळ्यावर येऊन आठ दिवसांत जागा मोकळी करायला सांगून गेला. खाजाने सहाव्या दिवशीच केली.

आता तो नांदेड रोडला बाभळीखाली चार पत्रे उभे करून बसतो. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आहे.

परवा दुपारी ती काळी गाडी समोरच्या बियाणांच्या दुकानापाशी थांबली. मागचं दार बोटभर उघडलं आणि तिथेच अडलं. फटीतून गुरुपादप्पांनी मान वळवून मागे पाहिलं. लांबून डबे लावलेली एक सायकल डुलत येत होती. ते थांबले. सायकल यायला बराच वेळ लागला. ती पूर्ण पुढे गेल्यावरच त्यांनी दार उघडलं आणि उतरले. खाजाकडे त्यांनी पाहिलं नाही.

खाजा मात्र दाराकडे बघत होता. कडेवर दुसऱ्या कुणीतरी रंग लावला होता. काळ्याशी काळा जुळला नव्हता, वर ब्रशच्या रेघा राहिल्या होत्या. रस्त्याच्या या बाजूनेही तो डाग स्पष्ट दिसत होता.

आपण केलं असतं, तर कुणाला दिसलं नसतं, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने हातोडा उचलला.