प्रकरण संपलं की थांबायचं

“तुमच्याकडे डिव्हाइस किती आहेत, मॅडम?”

“दोनच. एक माझं, एक ह्यांचं.”

“मला इथे पाच दिसतायत. आणि मर्यादाच पाचाची आहे.”

मिस्त्रीणबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळा आकडा ऐकू येणार होता. त्या गणवेशांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर बसल्या होत्या. सुईखाली कुणाच्या तरी पँटची अर्धी मारलेली दुमड तशीच राहिली होती.

“अहो, पाच कुठून आणू? आमच्या घरात माणसंसुद्धा पाच नाहीत.”

पलीकडे पुस्तक कंपनीच्या मदत केंद्रातली बाई होती. आवाज थकलेला, पण उर्मट नव्हता. “एक तुमचं दिसतंय. बाकीची चारही एकाच मॉडेलची आहेत. पुस्तक उतरवलं, की यंत्राची नोंद होते. पाच महिन्यांत चार नोंदी झाल्यात.”

आता बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. हे मिस्त्रींचंच काम.

मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, म्हणून सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणायचं आणि बाईंना आपसूक मिस्त्रीण. मिस्त्रींचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज असे. बंद करायचं, सावकाश दहा आकडे मोजायचे, पुन्हा चालू करायचं. लिफ्ट असो, पंखा असो, नाहीतर गळा काढून रडणारा मुलगा. “जरा बंद करून ठेव गं त्याला,” असं ते खुशाल म्हणायचे. विसरण्याचा आजार जडला, माणसं गेली, रस्ते गेले, पण हात तेवढे काही विसरले नाहीत. वृद्धाश्रमात पुस्तकं वाचायच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर पुस्तक सापडेनासं झालं, की ते शांतपणे सगळं पुसून पाटी नव्यासारखी कोरी करून ठेवत. मग कुणीतरी पासवर्ड घालून पुस्तक पुन्हा उतरवून देई. पाटी तीच आणि माणूसही तोच, पण कंपनीच्या लेखी दरवेळी एक नवं गिऱ्हाईक. परवा त्यांनी पुन्हा एकदा पुसली होती, आणि आता पुस्तक उतरत नव्हतं.

“मग ती चार काढून टाका ना,” बाई म्हणाल्या. “ती काही कुठे नाहीतच.”

“ज्या यंत्रावर पुस्तक घेतलं, त्याच यंत्रावरून सोडावं लागतं. पुसलं, की ते यंत्र आमच्यासाठी उरत नाही. नोंद मात्र राहते.”

“म्हणजे भुतं झाली म्हणा की!”

पलीकडची बाई पहिल्यांदाच जरा हसली. “तसंच काहीसं. सगळी एकदम मोकळी करता येतात, पण वर्षातून एकदाच. ते तुम्हाला पाच महिन्यांपूर्वी करून दिलंय. आता सात महिने थांबावं लागेल.”

“सात महिने? अहो, आम्हाला सात दिवससुद्धा नाहीत.”

ही काही उगाच केलेली गयावया नव्हती. रोज दिवस कलला, की मिस्त्री उठायचे आणि दारं ठोठावत सुटायचे. “लिफ्ट अडकलीय! आत माणसं आहेत! किल्ली द्या!” समजूत घालणाऱ्याला ढकलायचे. हातात पाटी दिली आणि त्यांची कादंबरी उघडून दिली, की मात्र खुर्चीत बसायचे ते झोपेपर्यंत. दोन भाऊ दीपगृह सांभाळतात, त्यांची ती जाडजूड कादंबरी. पाटी कोरी झाल्यापासून मिस्त्रींनी एका म्हाताऱ्याला पाडलं होतं. व्यवस्थापकांनी सरळ सांगून टाकलं, आठवडाभर बघू, नाहीतर वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्याच्या दाराला बाहेरून कुलूप असे, आणि तिथे नेलेलं माणूस पुन्हा चालत खाली आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. जन्मभर अडकलेल्यांना बाहेर काढलेल्या माणसाला तिथे कोंडायचं, हा विचारच बाईंना सहन होत नव्हता.

“नवीन खातं काढून पुस्तक परत विकत घेते. मग तर झालं?”

“ते पुस्तक आता विक्रीतून काढलंय, मॅडम. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच आहे.” मग ती म्हणाली, “एक करता येईल. तुमच्या हातातलं चालू आहे ना? ते तुम्ही सोडा. एक जागा लगेच मोकळी होईल.”

बाईंनी मुलालाही फोन करून पाहिला. तो लांबच्या शहरात होता, त्यामुळे सल्ले भराभर द्यायचा.

“आई, दुसरं कुठलंही पुस्तक घालून दे. मोठं अक्षर असलं म्हणजे झालं. बाबांना काय कळतंय आता?”

“तेवढंच कळतंय रे त्यांना,” बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

मुलाला ठाऊक नव्हतं. कसं असणार? दोन्ही पाट्या त्यानेच आणून दिल्या होत्या, एकाच खात्यावर, पैसे वाचावेत म्हणून. त्याआधी नवराबायकोत बोलण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ते अवेळी कामावर जायचे, ह्या मशीनवर वाकलेल्या असायच्या. पाट्या आल्या आणि दोघं एकच पुस्तक वाचू लागले. मिस्त्रींनी नियम घातला, प्रकरण संपलं की थांबायचं. मागच्याने पोचल्याची खूण म्हणून एक पान पुढे उलटायचं, मग थांबलेल्याच्या पाटीवर अक्षरं येत, ‘दुसऱ्या डिव्हाइसवर आपण पुढे आहात. तिथे जायचे का?’ हे आलं, की दोघांनी पुढचं प्रकरण धरायचं. खरं तर बाई झरझर वाचायच्या. पण मिस्त्रींना पहिलं येण्याची भारी हौस, म्हणून त्या मुद्दाम रेंगाळायच्या. मग बाहेरच्या खोलीतून हाक यायची, “आलीस का एकदाची? मी कधीचा येऊन बसलोय!”

दीपगृहाची कादंबरी त्यांची तिसऱ्यांदा चालली होती. मिस्त्री आश्रमात गेल्यावरही बाई रोज कामावरून आल्या की पाटी उघडत आणि ते कुठवर आले ते बघत. आश्रमातल्या सिस्टर फोनवर रोज “ठीक आहेत” एवढंच म्हणायच्या. पण आज मिस्त्रींनी दहा पानं वाचली की दोनच, हे बाईंना पाटीवर दिसायचं. ‘तिथे जायचे का?’ असं पाटीने विचारलं, की त्या रिकाम्या घरात मोठ्याने म्हणायच्या, “आले, आले.”

आता ही पाटी सोडायची.

दुमडी संपवून बाई घरी आल्या. पाटी पुसण्याआधी मिस्त्री एका प्रकरणाच्या मध्यावर होते. बाईंनी बरोबर त्याच पानापर्यंत वाचलं, एक ओळही पुढे गेल्या नाहीत. मग मदत केंद्रातल्या बाईने सांगितलेली जागा शोधून बोट टेकवलं. पाटीने विचारलं, ‘आपली खात्री आहे ना?’ पुन्हा बोट टेकवलं. दीपगृहाचं चित्र फिकट राखाडी झालं, आणि त्यावर दाबलं तरी काही उघडेना. बाईंना हुंदका आला. मिस्त्रींना आश्रमात सोडून आल्या होत्या त्या दिवशीही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी पुस्तक उतरवलं, आणि पुन्हा पुसता येऊ नये म्हणून पाटीला एक गुप्त आकडाही घातला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. “मिस्त्रीणबाई, जादू झाली हो! एकदम गप्प बसलेत. पाटी हातातून सोडत नाहीत. वरच्या मजल्याचं आता कुणी नाव काढत नाही.”

सुट्टीच्या दिवशी बाई भेटायला गेल्या. मिस्त्री खिडकीशी बसले होते. दाढी केलेली, केस नीट बसवलेले, मांडीवर पाटी.

“बसा बाई, बसा,” ते म्हणाले. हल्ली ते असंच म्हणायचे. बाई शेजारच्या खुर्चीवर टेकल्या.

सिस्टर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “त्रास काही नाही देत. पण वाचतात असंही नाही हो. पहिल्या दिवशी वाचलं असेल तेवढंच. मग रोज तेच पान.”

बाईंनी वाकून पाहिलं. पान अर्ध्यावर संपलं होतं. खाली कोरी जागा होती.

“अहो, थांबलात का?”

“प्रकरण संपलं ना,” मिस्त्री म्हणाले.

“मग पुढचं वाचा की.”

“असं कसं? आमची मिस्त्रीण यायचीय अजून.”

“ती... आली असेल.”

“छे! ती आली की ही पाटी सांगते. अजून काही सांगितलं नाही.” त्यांनी पाटीवरून तळवा फिरवला. “तशी ती माझ्यापेक्षा जलद वाचते. मुद्दाम मागे राहते, मला बरं वाटावं म्हणून. तिला वाटतं, मला कळत नाही.”

“कळत होतं तुम्हाला?”

“न कळायला काय झालं? पण एवढा उशीर ती कधी करत नाही. कुठेतरी अडकली असेल.” ते जरा विचारात पडले. “येईल. मला कुठे घाई आहे?”

“अहो,” बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, “इकडे बघा. मीच ती.”

मिस्त्रींनी बघितलं. नीट, सावकाश, अगदी आदराने बघितलं. अनोळखी बाईचं मन न दुखवता हात कसा सोडवून घ्यावा, ह्याच विवंचनेत ते असावेत. मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी खुर्ची थोडी सरकवली आणि पाटी दोघांच्या मधे धरली.

“तुम्हाला वाचायचंय का? वाचा ना. दिसतंय का तिथून? फक्त पान उलटू नका हं बाई. ती यायचीय.”

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं पान वाचलं, मुद्दाम रेंगाळत. वाचून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले. मग दोघंही मिस्त्रीणबाईंची वाट बघत बसून राहिले.